जुन्या फायबर होडीत उंच डेक की उघडा तळ?

जुनी ७-८ मीटरची फायबर होडी घेतली की मासेमाराला हे ठरवावंच लागतं: डेक, म्हणजे पायाखालची बंद फरशी, उंचावर बसवायचा, की तळ उघडा ठेवून साचलेलं पाणी पंपानं उपसायचं?

उंच डेकवरचं पाणी कडेच्या भोकांतून आपोआप निघून जातं. मात्र होडी पूर्ण भरलेली असतानाही डेक बाहेरच्या पाण्याच्या वर हवा, नाहीतर त्याच भोकांतून समुद्र आत येतो. शिवाय खलाशी, जाळी, बर्फाची पेटी सगळंच वर चढतं आणि होडी डळमळते.

उघड्या तळात वजन खाली राहतं, काठाचा आधार मांडीपर्यंत मिळतो. खरी भीती साचलेल्या पाण्याची. ८ चौरस मीटरवर १० सेंटिमीटर समुद्राचं पाणी म्हणजे सुमारे ८२० किलो, आणि होडी जिकडे कलेल तिकडेच ते धावतं! लांबीच्या दिशेनं मधोमध पाणी न झिरपणारी भिंत घातली, तर हा परिणाम साधारण पाव उरतो.

खाडीत, किनाऱ्यालगत जाळी टाकणाऱ्याला मी उघडा तळच सांगेन, दोन पंपांसह. डेक केलाच, तर आधी आणि नंतर, तेवढ्याच सामानासह, धक्क्याजवळ होडी हलवून डुलण्याचा वेळ मोजा. आता ती सावकाश डुलत असेल तर तोल घटलाय. बर्फाची पेटी तरी खाली घ्या.