पुण्यात वर्षभर वापरलेल्या तीन परवडणाऱ्या लेन्स: २४ मिमी, १०-१८ आणि ५५-२५०

कॅमेरा कॅननचा २००डी मार्क टू. सोबत आलेली १८-५५ किट लेन्स हळूहळू कपाटात गेली आणि तिची जागा तिघींनी घेतली: रोजच्यासाठी २४ मिमी एफ/२.८ एसटीएम, डोंगरांसाठी १०-१८ आयएस एसटीएम, पक्ष्यांसाठी ५५-२५० आयएस एसटीएम. मिमी म्हणजे फोकल लेंथ, ती जितकी जास्त तितकं दूरचं जवळ दिसतं. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. एसटीएम ही फोकसची मोटर, आयएस ही हाताची थरथर सावरणारी सोय. पहिली नवी, उरलेल्या दोन्ही वापरलेल्या. एक पावसाळा, एक हिवाळा आणि उन्हाळ्याचा बराच भाग यांच्यासोबत काढल्यावर हे लिहितोय. तिघींचं वजन मिळून पाऊण किलोही भरत नाही. सिंहगड पायी चढणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

आधी रोजची लेन्स. ‘किटनंतर पहिली ५० मिमी घ्या’ हा सल्ला प्रत्येकाला मिळतो. भावाकडे ती आहे आणि मी ती भरपूर वापरली आहे. एफ/१.८ ला मागचं सगळं छान विरघळतं, माणसांचे फोटो सुरेख येतात. पण आपल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान, त्यामुळे फ्रेममध्ये दृश्य कमी मावतं: १.६ ने गुणायचं आणि ५० ची होते ८०. तांबड्या जोगेश्वरीच्या आसपासच्या गल्लीत ८० मिमी म्हणजे पाठ भिंतीला टेकली तरी समोरचा वाडा फ्रेममध्ये मावत नाही. २४ ची होते साधारण ३८. मंडईत गाळ्यासमोर उभं राहिलं की भाजीवाल्या मावशी, तराजू आणि वरचं छप्पर सगळं एका फ्रेममध्ये येतं. शिवाय ही १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते, म्हणजे मिसळीची प्लेटही खुर्चीवरून न उठता टिपता येते. वजन १२५ ग्रॅम. लोकांना समोर मोठी लेन्स दिसत नाही, त्यामुळे कोणी अवघडत नाही. मंडईच्या आत उजेड कमी असतो, तिथे एफ/१.८ आणि एफ/२.८ मधला फरक जाणवतो हे खरं. पण आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, १६०० ला नेली तरी हा कॅमेरा चांगला चालतो, तेव्हा तेवढं मी सहज सोडतो. घरात लहान मूल असेल आणि त्याचेच फोटो काढायचे असतील तर मात्र ५० घ्यावी.

१०-१८ बद्दल थोडक्यात. सिंहगडावरून पलीकडचे तोरणा आणि राजगड, असं सगळं एकदम हवंसं वाटतं. १० मिमीला ते येतं, पण राजगड नखाएवढा होतो. ही लेन्स दूरच्या डोंगरांची नाहीच. पायाशी काहीतरी हवं: ओला कातळ, सोनकीची फुलं, तटबंदीची कड. ते जवळ, खाली वाकून घेतलं की मागचा डोंगर आपोआप उभा राहतो. दूरच्या रांगांचे थर हवे असतील तर ५५-२५० लावा. माझे आवडते डोंगरांचे फोटो ७० ते १५० मिमीच्या दरम्यानचे आहेत. अंधूक उजेडातही आयएसमुळे ट्रायपॉडशिवाय चालतं, कारण डोंगर हलत नाही.

आता ज्यासाठी बहुतेक जण हे वाचत असतील ते: पक्षी.

२५० मिमी पुरते का, हा प्रश्न अर्धवट आहे. किती मोठा पक्षी आणि किती लांबून, हे सांगितल्याशिवाय उत्तर निघत नाही. हिशोब सोपा आहे. पक्ष्याच्या लांबीला फोकल लेंथने गुणा, अंतराने भागा, की सेन्सरवरची त्याची लांबी मिळते. आपला सेन्सर सुमारे २२ मिमी रुंद आणि १५ मिमी उंच. मीटरभर उंचीचा चित्रबलाक ३० मीटरवर असेल तर सेन्सरवर ८ मिमीच्या वर भरतो, म्हणजे फ्रेमच्या अर्ध्याहून जास्त उंची. भिगवणला कुंभारगावच्या होडीतून रोहित पक्षी टिपताना मला २५० कमी वाटली नाही. थवा हवा असेल तर उलट झूम मागे घ्यावा लागतो. कवडीपाटला हिवाळ्यात चक्रवाक आणि शेकाट्याही जमतात, फक्त ऊन तापायच्या आत. नंतर पाण्यावरची हवा थरथरते आणि कितीही महाग लेन्स असली तरी फोटो मऊच येतो.

छोट्या पक्ष्यांचं गणित वेगळं. वेडा राघू, शेपटीच्या तारा सोडून, १८ सेंटिमीटर धरा. १५ मीटरवर तो सेन्सरवर फक्त ३ मिमी होतो. कापून मोठा केला तर पिसांचा पोत जातो. पण तोच ८ मीटरवर साडेपाच मिमीच्या पुढे जातो, आणि ६०० मिमीवाल्याला ते १९ मीटरवरून मिळतं. म्हणजे प्रश्न ११ मीटरचा आहे. हे अंतर पक्ष्याचा पाठलाग करून तुटत नाही. वेताळ टेकडीवर वेडा राघू माशी पकडून पुन्हा पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसतो. ती फांदी हेरायची, ऊन पाठीशी घ्यायचं, बाभळीच्या आडोशाला बसायचं आणि हलायचं नाही. खंड्या आणि खाटीक यांचंही तसंच. घरट्याजवळ मात्र जाऊ नका आणि मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. ती जवळीक पक्ष्याला महागात पडते.

ही लेन्स खरी हरते ती सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत. स्वर्गीय नर्तक सावलीत क्षणभर बसतो आणि जातो. एफ/५.६ ला आयएसओ ३२०० करूनही शटर सेकंदाच्या १/२५० च्या वर जात नाही. आयएस हाताची थरथर थांबवतं, पक्ष्याची नाही. पण १५०-६०० सुद्धा शेवटच्या टोकाला एफ/६.३ असते, म्हणजे उजेड आणखी कमी, आणि वजन दोन किलोच्या आसपास. त्या झाडीसाठी मोठी लेन्स घ्यायचा विचार मी म्हणूनच सोडून दिला. उडत्या पक्ष्यांसाठी एआय सर्व्हो (हलत्या गोष्टीवर फोकस सतत धरून ठेवणारी सोय), मधला फोकस पॉइंट, शटर १/१६०० किंवा वर. व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसचे नऊच पॉइंट आहेत, त्यामुळे बगळे जमतात, पाकोळ्या नाही.

खटकणाऱ्या गोष्टी: १०-१८ आणि ५५-२५० चा माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणारी कडी, प्लॅस्टिकचा आहे, जपून लावा. हूड, म्हणजे लेन्सपुढची उन्हाची झापड, तिघींसोबतही येत नाही. ५५-२५० साठी तो घ्याच, बाजूने येणारं ऊन फोटो पार फिका करतं. एसटीएममध्ये हाताने फोकस करायचा तर कॅमेरा चालू असावा लागतो.

वापरलेली लेन्स घेताना मोबाईलचा टॉर्च मागून मारून समोरून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, किंमत कितीही कमी असो, परत द्या. आपल्याकडचा पावसाळा हेच बुरशीचं घर. जून ते सप्टेंबर मी लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात निळ्या सिलिका जेलसोबत ठेवतो. जेल गुलाबी झालं की मंद आचेवर परतून पुन्हा निळं करता येतं, फक्त त्यासाठी स्वयंपाकातली कढई वापरू नका.