जेनेटिक कोडची चकती: घ्या, पण रंगपेटीही घ्या

नाशिकच्या मेन रोडवरून घेतलेली ही पुठ्ठ्याची चकती आतून बाहेर वाचायची. एकूण ६४ कोडॉन, म्हणजे आरएनएच्या तीन-तीन अक्षरांचे शब्द: ६१ अमिनो आम्लांचे (प्रोटीनच्या साखळीतल्या मण्यांचे), ३ थांब्याचे (इथे साखळी संपली).​ छपाई अचूक आहे. बाहेरच्या कड्यावर बोट सरकवा: जीजीयू, जीजीसी, जीजीए, जीजीजी, चारही ग्लायसिनच! इथे तिसरं अक्षर चुकलं तरी प्रोटीन तसंच राहतं.

घोळ रंगांचा. ते मन मानेल तसे दिलेत, त्यामुळे खरी गंमत झाकली जाते. मधलं अक्षर यू असलेले सोळाही कोडॉन पिवळे रंगवा; ती सगळी पाणी टाळणारी आम्लं. सीयूयूचं जीयूयू झालं तर ल्यूसिनच्या जागी व्हॅलिन येतं, म्हणजे तुपाऐवजी तेल, पाणी नव्हे. मधलं अक्षर बदललं की मात्र पंचाईत: रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा ग्लोबिनमध्ये सहाव्या जागी जीएजीचं जीयूजी झालं की पाणी धरणाऱ्या ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, आणि तोच सिकलसेल आजार.

प्रोटीनची स्वतःची सहनशक्ती चकतीत दिसत नाही. प्रोटीनच्या साखळीची घडी जितकी जास्त स्थिर, तितके बदल पचतात. शिवाय चॅपरोन प्रोटीनं घडी नीट बसवायला मदत करतात. हे फळ्यावर वेगळं शिकवावं लागेल. मधली रिव्हेट लवकर सैल होते, वॉशर घाला.