१९६९ ची बीटल, सोसायटीचं पार्किंग आणि १६ महिने

१६ महिने झाले, ४,१०० किलोमीटर झाले. एवढ्यात इंजिन दोनदा खाली उतरवलं, त्यातलं एकदा उगाच. गाडी रस्त्यात एकदाच बंद पडली आणि तीही माझ्या चुकीने.

गाडी १९६९ ची फोक्सवॅगन बीटल. १३०० म्हणतात, पण इंजिन १२८५ सीसीचं. नाशिकजवळ देवळालीत एका बंगल्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं उभी होती, तिथून घेतली. व्हिंटेज नोंदणी मुद्दाम केली नाही. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपुढच्या गाडीला ती मिळते, पण मग गाडी नेहमीच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. मला ती चालवायची होती, मखमली कापडाखाली ठेवायची नव्हती. काम सगळं इंदिरानगरला, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. फरशीवर ऑइल सांडल्याची नोटीस सेक्रेटरीकाकांनी दोनदा लावली, म्हणून आता गाडीखाली फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा कायमचा अंथरलेला असतो.

पहिले दोन महिने गाडी भयंकर तापायची. कसाऱ्याहून घाट चढून इगतपुरीला पोचेपर्यंत इंजिन टकटकायला लागायचं. डिपस्टिकच्या जागी बसणारा तापमापक लावला, तर ऑइल १२८ अंशांवर. कार्बोरेटर साफ केला, ठिणगीचं टायमिंग पुन्हा लावलं, प्लग बदलले. फरक शून्य. शेवटी भद्रकालीतल्या एका जुन्या मिस्त्रींना दाखवली. उभा जन्म रिक्षा आणि लॅम्ब्रेटा उघडण्यात गेलेला माणूस. चाचांनी मागचं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "भाऊ, हे तर रेडिएटर काढून भंगारात घातल्यासारखं केलंय कोणीतरी."

रेडिएटर या गाडीत नसतोच, इंजिन मागे असतं आणि पाण्याऐवजी हवेने थंड होतं, म्हणून मला आधी काही कळेना. मग त्यांनी दाखवलं. इंजिनाभोवती चारही बाजूंनी पत्रे असतात आणि पत्रा व बॉडी यांच्या फटीत रबरी पट्टी. पत्र्याच्या वर थंड हवा, खाली गरम हवा आणि एक्झॉस्ट. पंखा वरची हवा ओढून सिलिंडरवर मारतो, ती तापून खाली निघून जाते. माझ्या गाडीत पट्टी अर्धी गायब होती आणि मागचा एक पत्रा कोणीतरी "अडचण होते" म्हणून काढून टाकला होता. म्हणजे पंखा खालची गरम हवाच पुन्हा वर ओढत होता. मी दोन महिने कार्बोरेटरला दोष देत बसलो होतो.

पत्रा अंबडला एकाकडून पुठ्ठ्याच्या मापावर कापून वाकवून घेतला. मूळची पट्टी बाहेरून मागवायला वेळ लागणार होता, तोवर दाराला लावतात तसलं रबरी बीडिंग ठोकून भागवलं. तोच घाट, तसंच ऊन, आणि काटा ११२ वर. इंजिनाच्या आतल्या कशालाही हात न लावता. म्हणून कोणी अशी गाडी बघायला जाणार असेल तर रंग आणि सीट नंतर बघा. आधी मागचं झाकण उघडून खालची जमीन दिसते का ते पाहा. दिसली, तर हवेचा रस्ता फुटलेला आहे.

या रस्त्याचा दुसरा टोकाचा भाग म्हणजे पट्टा. पंखा डायनामोच्याच दांड्यावर बसलेला असतो आणि दोन्ही एका पट्ट्यावर फिरतात. पट्टा सैल-घट्ट करायला पुलीच्या दोन अर्ध्या भागांमध्ये वायसर असतात. काढले की पट्टा ताणला जातो, घातले की सैल होतो. मी शहाणपणा करून दोन वायसर जास्त काढले. वाडीवऱ्हेच्या अलीकडे पट्टा तुटला आणि डायनामोचा लाल दिवा लागला. साध्या गाडीत या दिव्याचा अर्थ बॅटरी चार्ज होत नाही एवढाच. इथे त्याचा अर्थ पंखा थांबला, जागच्या जागी इंजिन बंद करा. डिकीत जुना पट्टा आणि २१ चा पाना होता म्हणून अर्ध्या तासात निघालो. आता बोटाने दाबल्यावर दीडेक सेंटीमीटर दबेल इतकाच ताण ठेवतो.

टॅपेट लावणं, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीपाशी ठेवायची बारीक फट नीट करणं, हे माझं सगळ्यात आवडतं काम. इंजिन पूर्ण थंड हवं, त्यामुळे रविवारी सकाळी सहाला, चहाच्या आधी. डिसेंबरात बोटं गारठतात, पण मजा येते. दोन्ही बाजूंची झाकणं तारेच्या खटक्याने निघतात, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) ०.१५ मिलिमीटरचं. पुली उलटी फिरवत गेलं की सिलिंडर १, २, ३, ४ अशा सरळ क्रमाने येतात, अर्ध्या अर्ध्या फेऱ्याला एक. आठ व्हॉल्व्ह, तासाभराचं काम.

मी प्रत्येक वेळी सापडलेली फट वहीत लिहितो. सेट करण्याआधीची, नंतरची नाही. हा सल्लाही चाचांचाच. तीन नंबरच्या सिलिंडरपुढे पंख्याच्या डब्यात ऑइल कूलर आडवा येतो, त्यामुळे त्याला हवा कमी मिळते आणि तो बाकीच्या तिघांपेक्षा जास्त तापतो. १९७१ पासून कंपनीने कूलर बाजूला घेतला, माझी गाडी त्याआधीची. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट दर वेळी कमी होत असेल, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये बसतोय किंवा त्याची दांडी ताणली जातेय. दांडी ताणून मुंडकं तुटलं तर पिस्टन आणि हेड दोन्ही गेले.

ऑइल अडीच लिटर, २०डब्ल्यू-५०. फिल्टर नाही, खाली फक्त जाळी, ती सहा बारीक नटांवर. नट १० च्या पान्याचे, पण इंजिनाची केस, म्हणजे बाहेरचं कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे हे मी विसरलो आणि गळू नये म्हणून जोर लावला. आटे गेले. सातपूरला एका लेथवाल्याने हेलीकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून दिली, वर "पाना आखूड घ्या साहेब" म्हणून फुकट सल्ला.

आता उगाच उतरवलेलं इंजिन. पुठ्ठ्यावर रोज रुपयाएवढा डाग पडायचा, गिअरबॉक्स आणि इंजिन जोडतात त्या सांध्याखाली. फ्लायव्हीलचं सील गेलं असं ठरवून टाकलं. इंजिन चार १७ च्या बोल्टवर लटकलेलं असतं, जॅक आणि भाच्याची मदत एवढ्यावर खाली येतं. पहिल्या वेळी पाच तास लागले होते, या वेळी दोन. सील कोरडं ठणठणीत! गळत होता तो डेल्कोशेजारचा (डेल्को म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर) ऑइल प्रेशरचा स्विच. तिथून ऑइल केसवरून ओघळत खाली येत होतं. आधी इंजिन रॉकेलने धुऊन, पुसून, दहा मिनिटं चालू ठेवून बघितलं असतं तर रविवार वाचला असता. भाचा अजून बोलून दाखवतो.

भीतीची एकच गोष्ट, पेट्रोलचे पाइप. जुने कापडी वेष्टणाचे पाइप वरून चांगले दिसतात आणि आतून तडकलेले असतात. पंपावरचं इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला आणखी लवकर खातं. शिवाय कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जिथे शिरतं ती पितळी नळी कालांतराने सैल होऊन निघू शकते, आणि खालीच तापलेलं इंजिन आणि डेल्कोची ठिणगी. सगळे पाइप इथेनॉल चालणारे घेतले, दरवर्षी दिवाळीआधी बदलतो. मागच्या सीटखाली बॅटरी असते, तिच्यावर रबरी चटई टाकली, कारण सीटची स्प्रिंग टर्मिनलला टेकली तर काम तमाम. अग्निशामक सिलिंडर ड्रायव्हर सीटपाशी.

पावसाळ्यात त्र्यंबकला एकदाच नेली. चारही ड्रम ब्रेक भिजले की पहिल्या दोन वेळा पाय दाबल्यावर गाडी थांबण्याऐवजी विचार करते. आता जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी उभी.

सुट्या भागांची काळजी मी विनाकारण केली. ही गाडी मेक्सिकोत ३० जुलै २००३ पर्यंत बनत होती, त्यामुळे नवे भाग जगभर मिळतात, फक्त कस्टम ड्युटी डोळ्यांत पाणी आणते. कॉर्कची पॅकिंग मी शीट आणून कात्रीने कापतो. आतापर्यंत ७१,००० रुपये गेले, त्यातले निम्मे हत्यारांचे, ती राहणारच आहेत. ज्याला फक्त लग्नाच्या वरातीत मिरवायची आहे त्याने दुसरी गाडी बघावी.

वहीतला तीन नंबरचा एक्झॉस्ट: मागच्या खेपेला ०.१३, गेल्या रविवारी ०.११. बाकी सातही जागच्या जागी. पुन्हा कमी भरली तर इंजिन तिसऱ्यांदा उतरवणार, व्हॉल्व्ह मागवून ठेवलाय. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.