‘बोर्ड गेलाय’ म्हणून पैसे घेतात आणि फोन नुसता रीसेट करून देतात

रात्री चार्जिंगला लावलेला फोन सकाळी कंपनीच्या लोगोवर अडकलेला असतो. दुकानात नेला की दुकानदार दोन बटणं दाबून बघतो, फोन आत घेऊन जातो आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन सांगतो, ‘बोर्ड गेलाय, ठेवून जा.’ बोर्ड म्हणजे फोनमधली मुख्य सर्किटची पट्टी, मदरबोर्ड. संध्याकाळी फोन चालू होऊन मिळतो. बिल बोर्डाच्या कामाचं असतं आणि फोटो, नंबर, चॅट सगळं साफ झालेलं असतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘बोर्डाचं काम म्हटल्यावर डेटा जातोच.’

आत काय झालेलं असतं? फोन बंद करून पॉवर आणि व्हॉल्यूम वाढवायचं बटण एकत्र धरलं. काळ्या पडद्यावर रिकव्हरीचा, म्हणजे बिघडलेला फोन सावरण्यासाठीचा, मेनू आला. व्हॉल्यूमच्या बटणाने खाली सरकत ‘वाइप डेटा / फॅक्टरी रीसेट’वर, म्हणजे सगळं पुसून फोन कोरा करण्याच्या पर्यायावर, जाऊन पॉवरने होकार दिला, मग रीबूट. पाच-सात मिनिटांचं काम, आणि एकही स्क्रू फिरवावा लागत नाही.

लोगोवर अडकण्याची कारणं बरीच आहेत. अपडेट अर्धवट राहिला, स्टोरेज काठोकाठ भरलं, एखादं अ‍ॅप सुरुवातीलाच कोसळतंय, ही त्यातली नेहमीची. बोर्डाचा दोषही असू शकतो, पण त्याची लक्षणं वेगळी दिसतात: बंद फोनसुद्धा एकाच जागी तापतो, रिकव्हरीच्या मेनूतही आपोआप रीस्टार्ट होतो, रीसेट करूनही पुन्हा लोगोवरच येतो. स्टोरेजची चिप मरायला लागली असेल तर रीसेटनंतर काही दिवस चालून पुन्हा अडकतो. नुसत्या रीसेटने बरा झालेला आणि पुढे महिनोन्‌महिने चालणारा फोन म्हणजे त्याचा बोर्ड शाबूतच होता.

शब्दाचाही घोळ आहे. ‘रीसेट मारतो’ असं दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक ‘बंद करून चालू करणार’ असं समजून मान डोलावतं. तीच पुढे तुमची संमती ठरते. त्यामुळे ‘रीसेट म्हणजे डेटा जाणार का?’ एवढा प्रश्न तिथल्या तिथे विचारा.

मुळात रीसेट हा शेवटचा उपाय. त्याआधी डेटाला हात न लावता करण्यासारखं बरंच असतं आणि ते घरी होतं. पहिला उपाय सक्तीचा रीस्टार्ट. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि व्हॉल्यूम कमी करायचं बटण एकत्र १० ते २० सेकंद धरायचं. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या मॉडेलांत व्हॉल्यूम वाढवायचं बटण दाबून सोडा, कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरून ठेवा. पडदा काळा झाला म्हणून मध्येच सोडू नका, बहुतेक जण तिथेच चुकतात. होम बटण नसलेल्या आयपॅडवर वरच्या बटणाच्या जवळचं व्हॉल्यूम बटण आधी, दूरचं नंतर, मग वरचं बटण धरायचं.

पडदा पूर्ण काळाच असेल तर बॅटरी तळाला गेलेली असू शकते. पुरता उतरलेला फोन किंवा टॅब चार्जरला लावल्यावर पहिली १५ ते ३० मिनिटं काहीच दाखवत नाही, कधी त्याहून जास्त. कपाटात पडून राहिलेल्या टॅबचं तर हे नेहमीचं. दुसरी केबल, दुसरा चार्जर आणि तासभर धीर, एवढं झाल्याशिवाय ‘डेड’ हा शब्द ऐकून घेऊ नका.

अँड्रॉइडच्या रिकव्हरीत काही फोनांवर ‘वाइप कॅश पार्टिशन’ असतं. त्याने तात्पुरत्या फाइली जातात, फोटो-नंबर राहतात. मात्र मेनूत तो ‘वाइप डेटा’च्या शेजारीच असतो, ओळ दोनदा वाचून मगच पॉवर दाबा. सॅमसंगच्या नव्या मॉडेलांत रिकव्हरीत शिरण्यासाठी फोन केबलने संगणकाला जोडावा लागतो. बटणं दाबून काही होत नाही म्हणजे फोन मेला असं नाही. फोन चालू होतो पण सतत हँग होतो, अशा वेळी सेफ मोड बघा, त्यात तुम्ही टाकलेली अ‍ॅप बंद राहतात: पॉवरचा मेनू आला की ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरा. सेफ मोडमध्ये फोन नीट चालला तर दोष तुम्ही टाकलेल्या एखाद्या अ‍ॅपचा. नवीन टाकलेल्यापासून एकेक काढत जा.

आयफोन लोगोवर अडकला तर तो संगणकाला जोडून रिकव्हरी मोडमध्ये न्या. तिथे ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’ असे दोन पर्याय येतात. ‘अपडेट’मध्ये सिस्टीम पुन्हा बसते आणि डेटा राहतो, ‘रिस्टोअर’मध्ये सगळं पुसतं. डाउनलोडला १५ मिनिटांहून जास्त लागली तर फोन त्या मोडमधून बाहेर पडतो. डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि पुन्हा त्याच मोडमध्ये न्या. घाईत असलेला दुकानदार सरळ ‘रिस्टोअर’ दाबतो.

आता दुसऱ्या बिलाकडे. रिकव्हरीतून रीसेट केलेला अँड्रॉइड फोन उघडताना आधीचं गुगल खातं मागतो. हे एफआरपी (फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन) नावाचं कुलूप अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. चोरीचा फोन पुसून विकता येऊ नये यासाठी ते केलेलं आहे. दुकानदार सांगतो, ‘गुगल लॉक लागलं, तोडायचे वेगळे पैसे.’ कुलूप लागलं ते त्याच्याच रीसेटने, आणि किल्ली तुमच्या खात्याचा ईमेल व पासवर्ड. तो आठवत नसेल तर दुसऱ्या फोनवरून खातं परत मिळवा. नुकताच पासवर्ड बदलला असेल तर रीसेटआधी २४ तास थांबा, असं गुगलच सांगतं. आयफोन-आयपॅडवर असंच अ‍ॅक्टिव्हेशन लॉक असतं आणि ते अ‍ॅपल खात्यानेच सुटतं. खरेदीची पावती दाखवून अ‍ॅपलकडे मदत मागता येते. ‘कायमचं तोडून देतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

तिसरं बिल सर्वांत वाईट, कारण माणूस तेव्हा हवालदिल असतो. ‘रीसेट झालं तरी सॉफ्टवेअरने फोटो काढून देतो, अर्धे पैसे आधी.’ आजच्या फोनांमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, असतो आणि रीसेटमध्ये त्याच्या किल्ल्याच नष्ट होतात. उरतो तो न वाचता येणारा कचरा. फोटो मिळालेच तर ते क्लाउडवरून, मेमरी कार्डावरून किंवा जुन्या बॅकअपमधून, आणि तिथे तुम्ही स्वतः फुकट पोचू शकता.

‘चार्जिंग जॅक बदलावा लागेल’ हेही असंच तपासून घ्या. केबल पूर्ण आत जाऊन टक असा आवाज करत नसेल, जराशी बाहेर राहत असेल, तर टॉर्च मारून आत बघा. तळाशी खिशातल्या कापसाचा राखाडी थर दाबून बसलेला असतो, नमद्यासारखा. फोन बंद करून लाकडी टूथपिकने कडेकडेने उकरला की अख्खी वडीच बाहेर येते. सुई किंवा पिन घालू नका, जॅकमधल्या पिना शॉर्ट होतात आणि मग जॅक खरंच बदलावा लागतो.

फोन द्यायचाच झाला तर बॅकअप घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवा. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे. तो चालू केला की दुरुस्त करणाऱ्याला तुमचे फोटो-चॅट न दिसता फोन तपासता येतो. पडदाच चालत नसेल तर हे जमणार नाही हे उघड आहे. पावतीवर दोष काय ते आणि ‘विचारल्याशिवाय डेटा पुसू नये’ हे वाक्य लिहून घ्या. लिहायला कां-कूं करणाऱ्याकडे फोन ठेवू नका.

आणि फोन देण्याआधी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश डायल करून दिसणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा. फोन चालूच होत नसेल तर तो खोक्यावर, बिलावर किंवा सिमच्या ट्रेवर सापडतो. हा क्रमांक बोर्डावर साठवलेला असतो, त्यामुळे बोर्ड खरोखर बदलला तर साधारणपणे तोही बदलतो. बोर्ड बदलल्याचं बिल हातात आलं की दुकानातच पुन्हा डायल करा. क्रमांक जुनाच दिसला तर काउंटरवरून न हलता काढलेला जुना बोर्ड दाखवायला सांगा.