पन्हाळ्याची गाइडसह पायी फेरी: गड कळतो, गाव राहून जाते

कोल्हापूरहून सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या पन्हाळ्याची अर्ध्या दिवसाची पायी फेरी आम्ही सहा जणांनी एका स्थानिक गाइडसह केली. गाइड अभ्यासू होते, प्रश्नांना कंटाळत नव्हते आणि खात्री नसेल तिथे ‘असे सांगतात’ हे शब्द जोडायला विसरत नव्हते, ही आजकाल दुर्मीळ झालेली गोष्ट आहे.

सर्वाधिक वेळ त्यांनी अंबरखान्याला दिला आणि तो सत्कारणी लागला. गंगा, यमुना व सरस्वती या तीन कोठारांपैकी गंगा कोठीत शिरल्यावर त्यांनी आम्हाला वर पाहायला सांगितले. खणाखणांच्या छताला भोके ठेवलेली आहेत. बाहेरच्या जिन्याने धान्य माथ्यावर न्यायचे आणि तिथून आत ओतायचे, अशी ती सोय होती. सिद्दी जौहरचा १६६० मधला वेढा चार महिने कसा सोसला गेला, हे बाजीप्रभूंवरच्या आवेशपूर्ण भाषणापेक्षा त्या अंधाऱ्या कोठीत उभे राहून अधिक नीट उमगते. तीच गोष्ट अंधारबावीची. शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून विहिरीवर तीन मजली इमारतच चढवलेली आहे, आणि खालच्या पायऱ्या उतरताना हाताला लागणारा दगडाचा ओलसर गारवा कोणत्याही माहितीफलकावर मिळणार नाही.

भूगोलही त्यांनी तटावरून बोट दाखवून समजावला: बाजूचा पावनगड, समोरचा जोतिबाचा डोंगर, विशाळगडाकडे जाणारी मसाई पठाराची वाट आणि विजापूरहून कोकणात उतरणाऱ्या मार्गावर या डोंगराची असलेली पकड.

खटकले ते पुढे. पन्हाळा हा केवळ किल्ला नव्हे. तटाच्या आत नांदते गाव आहे, तालुक्याचे ठाणे आहे आणि राज्यातल्या अगदी लहान नगरपरिषदांपैकी एक इथे आहे. त्याविषयी फेरीत एक वाक्यही नव्हते. शिलाहार भोज, आदिलशाही, शिवकाल इथवर कथा रंगली. पण करवीर राज्याची गादी १७८२ मध्ये इथून कोल्हापूरला गेली, १८४४ च्या गडकऱ्यांच्या (किल्ल्यांवरच्या वंशपरंपरागत शिबंदीच्या) उठावानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला, आणि आजचा मोटाररस्ता त्याच बाजूने वर येतो, हे आम्हीच विचारल्यावर कळले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा रस्ता खचला, तेव्हा गावात वाहने येणेच थांबले होते. कवी मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये इथलाच, तोही राहून गेला.

दुसरी तक्रार साधी आहे. तीन दरवाजाजवळ झुणका-भाकरीसाठी एकाच ठरावीक टपरीवर आम्हाला तब्बल पाऊण तास बसवण्यात आले. भाकरी उत्तम होती, पण त्यामुळे प्रत्यक्ष तीन दरवाजाचे कोरीव काम दहा मिनिटांत उरकावे लागले आणि सज्जा कोठी तर बाहेरूनच पाहावी लागली.

पन्हाळ्यासह बारा किल्ल्यांचा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे, त्यामुळे अशा फेऱ्यांची मागणी वाढेल. पहिल्यांदा गडावर जाणाऱ्यांना मी ही फेरी निःसंकोच सुचवीन. मात्र सकाळी लवकरची वेळ घ्यावी, न्याहारी उरकून निघावे आणि ठरवतानाच गाइडना बाजारपेठेतून जुन्या वस्तीकडे एक चक्कर मारायला सांगावे.