सुपरचार्जरचा बेल्ट, ८ मिलिमीटर आणि माझे ३,६३५ डॉलर

सुपरचार्जरच्या (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या) दातेरी बेल्टचा पूर्ण संच विकत घेतो आहे अशा समजुतीत मी एका माणसाला तीन हप्त्यांत मिळून ३,६३५ डॉलर दिले, आणि त्या बदल्यात माझ्या दारात एक नटबोल्टसुद्धा आला नाही. आकडा मुद्दाम पहिल्याच वाक्यात लिहिला, कारण इथल्या मराठी मंडळींमध्ये तो आतापर्यंत आठ हजारांपर्यंत फुगलेला आहे. निदान तेवढी तरी बदनामी कमी व्हावी. मी डेट्रॉइटजवळ राहतो, मोटारींच्या सुट्या भागांशी माझा रोजचा संबंध आहे, आणि दुसऱ्या कोणी हीच हकिकत सांगितली असती तर ‘इतका कसा भोळा’ असे मीच म्हटले असते. पण ज्याला बेल्टमधले काहीच कळत नाही तो या जाळ्यात सापडला नसता. ज्याला बऱ्यापैकी कळते आणि कळते हे दाखवायला आवडते, त्याच्यासाठीच ते विणलेले होते.

गाडी २०१० सालची शेव्हर्ले कॅमॅरो एसएस, मॅन्युअल गिअरची. तिच्यातले ६.२ लिटरचे एलएस३ इंजिन कारखान्यातून ४२६ अश्वशक्तीचे येते, आणि आधीच्या मालकाने त्यावर सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर चढवलेला होता. टर्बोला असतो तसाच पंखा, पण एक्झॉस्टच्या धुराऐवजी क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरून बेल्टने फिरणारा. क्रँकवरची पुली सुपरचार्जरच्या पुलीच्या दुप्पट आणि आतल्या गिअरचे प्रमाण एकास चार धरले, तर इंजिनाच्या ६,६०० फेऱ्यांना तो पंखा मिनिटाला ५२,८०० फेरे घेतो. हे सगळे ओढायचे ते सहा रिबच्या (लांबीभर सहा उंचवटे असलेल्या), म्हणजे जेमतेम २१ मिलिमीटर रुंद बेल्टने, आणि माझा बेल्ट घसरत होता. सेंट्रिफ्युगलचा दाब साधारणपणे फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात चढत जायला हवा. माझ्या नोंदींमध्ये तो ५,८०० फेऱ्यांना ८ पीएसआयला (पौंड प्रति चौरस इंच) टेकून तिथून खाली येत होता, आणि बॉनेट उघडले की पुलीभोवती काळी रबरी भुकटी पडलेली दिसायची.

रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी यावरचे उपाय ठरलेले आहेत. आधी टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली, तपासायचा, सगळ्या पुल्या एका रेषेत आहेत का ते पाहायचे, आणि लहान पुलीला बेल्टचा विळखा कमी पडत असेल तर आयडलर, म्हणजे नुसती बेल्ट वळवणारी पुली, हलवून तो वाढवायचा. एवढ्याने भागले नाही तर ८ रिबचा, सुमारे २८.५ मिलिमीटरचा बेल्ट, आणि त्याहून जास्त दाबासाठी १० रिबचा. दातेरी बेल्ट, ज्याला इथे सगळे कॉग ड्राइव्ह म्हणतात, तो मुळीच घसरत नाही, आणि हाच त्याचा दोषही आहे. ॲक्सिलरेटर एकदम सोडल्यावर वेगात असलेला पंखा जो झटका देतो, तो रिबचा बेल्ट किंचित घसरून पोटात घालतो; दातेरी बेल्ट तो थेट क्रँकच्या टोकापर्यंत आणि सुपरचार्जरच्या गिअरपर्यंत पोचवतो. आवाज वेगळाच, आणि रस्त्यावरचा एखादा खडा दात्यांत अडकला तर बेल्ट गेला. त्यातून एलएस इंजिनांवर क्रँकचा बॅलन्सर, म्हणजे त्याच्या टोकाची कंप शोषणारी पुली, नुसता दाबून बसवलेला असतो, त्याला चावीची (पुली दांड्यावर फिरू नये म्हणून बसवायच्या धातूच्या पट्टीची) खाच नसते, म्हणून कॉग बसवण्याआधी छिद्र पाडून क्रँकला पिन मारावी लागते. ८-१० पीएसआयच्या गाडीला ८ रिब पुरतो, हे मला तेव्हाही ठाऊक होते. परंतु माझ्या गाडीत सुपरचार्जर, अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप हे सगळे एकाच बेल्टवर होते; ८ रिबला जायचे तर सगळ्याच पुल्या बदलाव्या लागत होत्या, आणि तो एकच बेल्ट तुटला की इंजिनाला पाणीही बंद. सुपरचार्जरला स्वतंत्र ड्राइव्ह देण्याचा विचार करणे हा काही वेडेपणा नव्हता, असे माझे आजही मत आहे.

नेमका असाच वापरलेला संच ३,३५० डॉलरला विक्रीस असल्याची जाहिरात दिसली. ब्रॅकेट, दोन दातेरी पुल्या, आयडलर, बेल्ट आणि पिन मारण्याचा जिग (ड्रिल नेमक्या जागी जावे म्हणून लावायचा साचा), सगळे एकत्र. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ ही हौशी गाड्यांची मिरवणूक भरते, १९९५ पासून भरते, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यांत या भागातला प्रत्येक गाडीवेडा माणूस घाईत असतो. विक्रेत्याला हे चांगले माहीत होते. त्याने आपण होऊनच विचारले की क्रूझच्या आधी हवे आहे ना, कारण ओहायोचा एक जण उद्या पैसे पाठवतो म्हणाला आहे. हा ओहायोचा माणूस कोण असतो ते वाचकांना सांगायची गरज नाही. तो प्रत्येक फसवणुकीत असतो.

आता ज्या क्षणाने मला अजून रात्री जाग येते तो क्षण. मी बेल्टची रुंदी विचारली. उत्तर आले: ‘८ मिलिमीटर.’

८ मिलिमीटर हे दोन दात्यांमधले अंतर असते. आठ मिलिमीटर रुंदीच्या बेल्टने फार तर शिलाई मशीन चालेल, सुपरचार्जर नव्हे. असले बेल्ट ५० मिलिमीटरच्या आसपास रुंद असतात. ज्याने तो बेल्ट एकदा जरी हातात धरला असेल तो असे उत्तर देऊ शकत नाही. आणि मी काय केले? टाइप करताना गडबड झाली असेल असे समजून त्याला व्यवस्थित लिहून पाठवले, ‘म्हणजे दात्यांमधले अंतर ८ आणि रुंदी ५० ना?’ त्यावर दोन सेकंदांत ‘हो, अगदी बरोबर’ आले. परीक्षकानेच उत्तरपत्रिका लिहून द्यावी असा प्रकार. पुढे मी पिनबद्दल विचारले तेव्हा ‘चावी सोबत येते’ असे उत्तर मिळाले, आणि ज्या बॅलन्सरला खाचच नसते त्याची चावी कुठून येणार, या प्रश्नावरही मी स्वतःची समजूत घातली की तो जिगबद्दल बोलत असावा. अनेक वर्षे पुरवठादारांशी बोलून एक सवय लागते: समोरचा तंत्रात कच्चा असला तरी माल चांगला असू शकतो असे आपण धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. माझा विश्वास आंधळा नव्हता. तो चुकीच्या ठिकाणी वापरला गेला, एवढेच.

पैशांचा हिशेब असा. आगाऊ १,४०० डॉलर, माल पाठवल्यावर १,९५०, आणि त्यानंतर पार्सलच्या विम्यासाठी २८५, जे ‘पोचल्यावर परत मिळतात’. कार्डाने घेतल्यास त्याला ३ टक्के जास्त लागणार होते, म्हणून बँकेच्या ॲपमधून थेट खात्यात द्या, असे त्याने सुचवले, आणि खाते बायकोच्या नावावर असल्याचे सांगितले. ते ३ टक्के म्हणजे १०० डॉलर ५० सेंट. माझी पत्नी एवढेच म्हणाली, ‘अहो, सराफाकडे तुम्ही पावती हातात पडेपर्यंत पाकीट उघडत नाही.’ विमा परत मिळतो हे ऐकल्यावर तरी थांबायला हवे होते, असे सगळे म्हणतात. परंतु ३,३५० डॉलर आधीच गेलेले असताना २८५ साठी कोण माघार घेतो, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त चांगले कळत होते.

पार्सलचा क्रमांक खरा होता. ते खरोखर निघाले, आणि आमच्याच पिनकोडमध्ये, पण दुसऱ्याच घरी ‘पोचले’ अशी नोंद झाली. ही युक्ती आता जुनी झाली आहे: काहीतरी क्षुल्लक वस्तू त्याच गावातल्या भलत्याच पत्त्यावर पाठवायची, म्हणजे कागदोपत्री माल मिळालेला दिसतो. कुरियर कंपनीने मला पत्ता सांगण्यास नकार दिला, कारण चौकशी करण्याचा अधिकार पाठवणाऱ्याचा. पाठवणारा चोर आहे, हे त्यांच्या अर्जात लिहायला रकानाच नव्हता.

बँकेने मात्र कमाल केली. आधी अर्धा तास संगीत, मग एक मुलगी, मग तिचा वरिष्ठ, मग ‘तपास सुरू आहे’ असे पत्र, आणि शेवटी दोन ओळींचा निकाल: व्यवहार तुम्ही स्वतः केलेला असल्यामुळे तो अनधिकृत नाही. १९७८ च्या इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफर कायद्याचा आधार असा की तुमच्या परवानगीशिवाय कोणी पैसे काढले तर बँक जबाबदार. तुम्हाला थापा मारून तुमच्याच बोटाने पाठवायला लावले तर नाही. दरोडेखोराने खिसा कापला तर भरपाई, गोड बोलून पाकीट मागून घेतले तर तुमचे नशीब! ज्या खात्यात पैसे गेले ते खाते कोणाचे, हे बँकेला माहीत आहे, मला नाही, आणि त्या माहितीचे त्यांनी काहीही केल्याचे मला कळवलेले नाही. पोलीस ठाण्यात सांगितले गेले की हा दिवाणी वाद दिसतो. विक्रेत्याच्या राज्यातल्या पोलिसांनी सांगितले की तुम्ही राहता तिथेच तक्रार द्या. तिथे परत गेल्यावर मोठ्या मिनतवारीने एक क्रमांक मिळाला, जो मी बँकेला पाठवला, आणि बँकेने तो ‘फाइलला जोडला’. ग्राहक तक्रारींच्या सरकारी खात्याने अत्यंत सभ्य भाषेत कळवले की त्यांना वैयक्तिक प्रकरणे सोडवता येत नाहीत. मिशिगनमध्ये ७,००० डॉलरपर्यंतचे दावे छोट्या न्यायालयात वकिलाशिवाय लढवता येतात, माझी रक्कम त्यात आरामात बसते. परंतु त्यासाठी समन्स पोचवायला खरा पत्ता लागतो, आणि तो असता तर मला न्यायालयाची गरजच पडली नसती. इतकी माणसे, इतकी पगारी माणसे, आणि एकालाही हे आपले काम वाटले नाही.

तीच रक्कम क्रेडिट कार्डाने दिली असती तर १९७४ च्या कायद्यानुसार बिल पाठवले गेल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता आली असती, आणि माल मिळाला नाही हे त्यात स्पष्ट कारण म्हणून बसते. १०० डॉलर ५० सेंटचा तो जास्तीचा आकार म्हणजे प्रत्यक्षात विमा होता, आणि तो वाचवण्याचा सल्ला चोराने दिला होता. खातेदाराचे नाव आणि विक्रेत्याचे नाव जुळत नसेल तर तिथेच संभाषण बंद करा. प्रश्न विचारताना उत्तर कधीही आपल्या तोंडून सुचवू नका. समोरचा चुकला तर चुकू द्या आणि गप्प बसा. आणि सुट्या भागांचा संच पाहायला माणूस तासाभराच्या अंतरावर असेल तर गाडी काढून जा, लांब असेल तर तो विकत घेऊच नका. माझ्या गाडीत शेवटी ८ रिबचा स्वतंत्र ड्राइव्ह बसला, कार्डाने पैसे देऊन, आणि दाब आता ६,६०० पर्यंत चढत राहतो.

गेल्या आठवड्यात तेच फोटो दुसऱ्या नावाने, दुसऱ्या राज्यातून, ३,१०० डॉलरला पुन्हा लागलेले पाहिले. जाहिरातीत आता ‘दात्यांमधले अंतर ८ मिलिमीटर, रुंदी ५०’ असे अचूक लिहिले आहे. ते वाक्य माझे आहे. तिथे विचारायचेच असेल तर बेल्टवर व्हर्नियर लावून आणि शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून नवा फोटो मागा, आणि पिनच्या जिगमध्ये कुठल्या मापाचे ड्रिल जाते ते विचारा. उत्तर मी इथे लिहीत नाही, कारण भाषांतर हल्ली एका बटणावर होते आणि तेही तो उचलेल.