महालातलं लांबट घर आणि टीपी-लिंकचा आरई 200

आमचं घर नागपूरच्या महाल भागात, जुन्या बांधणीचं. राउटर समोरच्या खोलीत, सासूबाई मागच्या खोलीत, मधे दीड-दीड फुटाच्या दोन भिंती. गुडघ्यांमुळे त्यांना उठून समोर येववत नाही आणि पुण्याच्या नातीशी टॅबवर बोलल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांच्यासाठी सीताबर्डीच्या बाजारातून हा एक्स्टेंडर, म्हणजे राउटरची वायफाय रेंज पुढे वाढवणारं यंत्र, आणला. दोन हजारांच्या आत मिळाला आणि पैसे वसूल झाले.

टॅबवर रेंजच्या दोन दांड्या दिसत, तरी कॉल अडकायचा. राउटरचा सिग्नल टॅबपर्यंत येतो, पण टॅबचा छोटासा अँटेना तितक्या ताकदीनं उलट उत्तर धाडू शकत नाही. म्हणून मधे एक्स्टेंडर लागतो. पण तो टॅबच्या उशाशी लावून फायदा नाही, तिथे त्यालाही राउटरचा सिग्नल कमजोरच मिळतो. तो मधल्या खोलीत लावा, जिथे राउटरची रेंज अजून चांगली आहे. त्याचा सिग्नलचा दिवा निळा असेल तर जागा बरोबर. लाल झाला की राउटरकडे सरकवा. जोडणी डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता जोडणारं) बटण दाबून झाली, त्यात काही कठीण नाही.

आता नागपूरकरांसाठी खास: कूलर! पत्र्याची बॉडी, पाण्यानं भरलेली टाकी आणि ओला वाळा, तिन्ही वायफायच्या आड येतात. राउटर, एक्स्टेंडर आणि टॅब यांच्या सरळ रेषेत कूलर नको. शिवाय कंपनीनं या यंत्राला 40 अंशांपर्यंतचं तापमान चालेल असं लिहिलंय आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर किंवा गच्चीच्या जिन्यात लावू नका.

वेगाचं म्हणाल तर आमचा प्लॅन 50 एमबीपीएसचा. मागच्या खोलीत आधी जेमतेम 2 मिळायचे, आता 20 च्या आसपास मिळतात. राउटरशी आणि टॅबशी एकाच बँडवर (2.4 किंवा 5 गिगाहर्ट्झ, या वायफायच्या दोन लहरपट्ट्यांपैकी एकीवर) बोलताना वेग साधारण निम्मा होतो, हे सगळ्याच एक्स्टेंडरना लागू आहे. व्हिडिओ कॉलला एवढा वेग भरपूर झाला. भिंती जाड असतील तर 2.4 गिगाहर्ट्झच वापरा, 5 गिगाहर्ट्झ भिंतीत फार विरतं. मोबाइल घेऊन मागे गेलात आणि तो जुन्याच सिग्नलला चिकटून राहिला, तर वायफाय एकदा बंद-चालू करा.

ज्यांना मागच्या खोलीपर्यंत लॅनची केबल टाकणं शक्य आहे, त्यांनी ती जरूर टाकावी. आरई 200 ला केबलचा पोर्ट आहे, केबल जोडून ॲक्सेस पॉइंट मोडवर (म्हणजे इंटरनेट केबलमधून घेऊन वायफाय देणाऱ्या सेटिंगवर) ठेवला की वेग निम्मा होत नाही. पोर्ट 100 एमबीपीएसचा आहे, त्यामुळे 200-300 चा प्लॅन असणाऱ्यांनी गिगाबिट (1000 एमबीपीएस) पोर्टचं मॉडेल बघावं.